रास्त पगार म्हणजे किती? कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताईंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आले कुठून?

आमच्या सोप्यातून. माझी आई करवीर तालुक्यातल्या पंचगंगेकाठच्या एका गावात २८ वर्षं अंगणवाडी मदतनीस होती. मी हिशेबनीस. आईच्या मैत्रिणी रविवारी पासबुक घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "बघ गं जरा, हे पैसं कशाचं पडल्यात?" नंतर त्यांच्याबरोबर आशाताई यायला लागल्या, मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. प्रश्न तेच तेच असायचे, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. जिथे वकील लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आम्ही सरकारी नोकर हाय का नाही, एकदा स्पष्ट सांगा.

कागदावर नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस 'मानधनी' आहेत. आशा २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या आणि त्यांना सरकार 'स्वयंसेविका' म्हणतं. २००६ मध्ये कर्नाटकातल्या अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पदावर नाहीत असा निकाल दिला. कार्यालयातला माणूस आजही त्याच निकालावर बोट ठेवतो.

पण त्यानंतर बरंच घडलं आहे. मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलाला बसल्या. योजनांवर काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस त्यांनी केली. ती तशीच पडून आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना वर्षांच्या हिशेबाने मिळणाऱ्या रकमेचा, निकाल दिला, त्याबद्दल खाली सविस्तर येईल.

आणि एक गंमत ध्यानात ठेवा. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवा ठरवून संपाला बंदी. ओरड झाल्यावर काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली. स्वखुशीने सेवा करणाऱ्या बाईला संप करायला बंदी कशी घालता येते, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

नेमके किती मिळतात? जो तो वेगळा आकडा सांगतो.

कारण पैसे तीन-चार वाटांनी येतात आणि प्रत्येकजण आपल्याला सोयीची वाट मोजतो.

सेविकेचं मानधन मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ८,३२५ वरून १०,००० झालं आणि मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५००. मग ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवसांचा संप झाला. पुढे २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, सेविकेला १३,००० आणि मदतनिसाला ७,५०० झाले. यावर कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता आहे, सेविकेला २,००० आणि मदतनिसाला १,००० पर्यंत. तो ठरवलेल्या अटी पूर्ण केल्या तरच मिळतो. बातमीत मात्र तो मिळून १५,००० छापून येतात, आणि घरात नवरा तोच आकडा धरून बसतो.

यात केंद्राचा वाटा किती? केंद्राने सेविकेसाठी धरलेली मूळ रक्कम ऑक्टोबर २०१८ मध्ये ३,००० ची ४,५०० केली, मदतनिसाची १,५०० ची २,२५०. तीही ६०:४० अशी, म्हणजे त्यातही राज्य वाटेकरी. त्यानंतरची वाढ राज्याच्या तिजोरीतून आली आहे. निवेदन कुणाला द्यायचं हे या आकड्यांवरून ठरवा. आपण सगळी निवेदनं मुंबईला पाठवतो, दिल्लीला एखादंच जातं.

आशाताईंना राज्याकडून मिळणारा मोबदला मार्च २०२३ मध्ये ३,५०० चा ५,००० झाला. दोन संपांनंतर, मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तो १०,००० झाला आणि नोव्हेंबर २०२३ पासून लागू धरला. केंद्राकडून नेहमीच्या कामांसाठी २०१८ पासून महिना २,००० होते, ते २०२५ मध्ये ३,५०० केले. यापलीकडे जे येतं ते कामागणिक.

गटप्रवर्तकाचा हिशेब आणखी निराळा. केंद्राच्या दरात तिला पगार असा नाहीच, आशांच्या कामावर देखरेखीच्या भेटीला ३०० रुपये आणि महिन्याला २० भेटी. म्हणजे पदवीधर बाई, वीस-एक आशांची जबाबदारी आणि मोजमाप भेटींचं.

"आशाला घरबसल्या तेरा-चौदा हजार मिळतात," असं गावात बोलतात. काय सांगायचं?

घरबसल्या नाही, घरोघर फिरून, एवढं तरी सांगा. मग एक उदाहरण द्या.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बघायचं असतं. ताप, वजन, नाळ, अंगावर पिताय का, सगळं तपासून फॉर्म भरायचा. या सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. एका फेरीला ४२ रुपयेही पडत नाहीत. कसब्यातल्या गल्लीत हे ठीक म्हणू. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या धनगरवाड्यावर बाळ असेल तर पावसाळ्यात एका फेरीत अर्धा दिवस जातो. वडापची जीप मिळाली तर तिचं भाडं आपलंच. क्षयरुग्णाला सहा महिने गोळ्या पुऱ्या करायला लावल्या की १,००० रुपये. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १००.

त्यात आपल्याकडची रीत आडवी येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावातल्या आशाने नोंदणीपासून सातव्या महिन्यापर्यंत सगळं केलेलं असतं. डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी निघून जाते. बाळंतपण आणि नंतरच्या सहा फेऱ्या माहेरच्या गावच्या आशाकडे. दोघींनी एकमेकींना फोन करून कार्डाचा नंबर जुळवला नाही तर कुणाचा तरी क्लेम, म्हणजे त्या कामाच्या पैशांची मागणी, अडकतो. मी पाहिलं त्यात बहुतेक वेळा दोघींचाही.

आणखी एक. आशाने कुटुंब नियोजनाचं काम नेटाने केलं की गावात बाळं कमी होतात. महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. बाळं कमी तर क्लेम कमी. कामात यश आलं की मिळकत घटते, असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही. म्हणून ठरलेला भाग मोठा आणि कामागणिक भाग लहान असावा, असं माझं मत आहे. काही आशाताईंना हे पटत नाही. ज्यांचं गाव मोठं आहे त्यांना क्लेमवर बऱ्यापैकी मिळतं, त्यामुळे त्यांचंही चूक नाही.

अंगणवाडी चार-पाच तासांचीच ना? मग पूर्ण पगार कशाला?

हा प्रश्न बाहेरचे विचारतात तेव्हा राग येतो. आपल्याच बाया विचारतात तेव्हा जास्त येतो.

मूल दारात येण्याआधी मदतनिसाने खोली झाडलेली असते, पाणी भरलेलं असतं, काही वस्त्यांवर तर पोरांना घरून गोळा करून आणलेलं असतं. आहार देणं, भांडी, वजन-उंची. मूल गेल्यावर गृहभेटी, घरपोच आहाराचं वाटप, महिन्याच्या सभा. तालुक्याला बैठक असली तर दिवस गेला. पूर्वी अकरा रजिस्टरं होती, ती कमी होणार म्हणून मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, आणि बऱ्याच ठिकाणी आता दोन्ही आहेत.

आपल्या जिल्ह्यात त्यावर हंगामाचं काम. गळीत सुरू झालं की ऊसतोड टोळ्या येतात. फडाच्या कडेला खोपी पडतात, त्यात पाच वर्षांखालची पोरं. त्यांची नोंद, वजन, लस, आहार हे ज्या गावच्या शिवारात खोपी पडल्या त्या गावच्या सेविकेचं आणि आशाचं. मायबाप पहाटे फडावर जातात, म्हणून भेट घ्यायची तर अंधार पडल्यावर जावं लागतं. हे तास कुठं धरले?

२०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. शिरोळात, करवीरात, हातकणंगल्यात निवारा केंद्रांत बाळंतिणींची यादी कुणाकडे होती? पाणी ओसरल्यावर क्लोरीनच्या गोळ्या घेऊन चिखलातून घरोघर कोण गेलं? आमच्या आईचं स्वतःचं घर तेव्हा पाण्यात होतं.

म्हणून मी प्रत्येकीला एकच काम सांगते आणि प्रत्येकजण कंटाळा करते: एक वही घाला. सरकारच्या रजिस्टरांत लाभार्थ्यांचं सगळं असतं, तुमचं काही नसतं. किती वाजता घरातून निघाले, कुठं गेले, किती वाजता आले, गाडीभाडं किती, रिचार्ज किती. रोज दोन ओळी. 'आम्ही आठ तास राबतो' असं भाषणात सांगणं वेगळं आणि वर्षभराची वही टेबलावर ठेवणं वेगळं. वादात, चौकशीत, कोर्टात, सगळीकडे कागद बोलतो.

मग रास्त म्हणजे किती? एक आकडा सांगा.

कामगार संघटनांची देशभरची मागणी महिना किमान २६,००० ची आहे. मी आकडा छातीठोकपणे सांगणार नाही, पण मोजायचं कसं ते सांगते. महिन्याच्या रकमेला २६ ने, म्हणजे महिन्यातल्या कामाच्या दिवसांनी, भागा.

मदतनिसाचे ७,५०० भागिले २६ म्हणजे दिवसाला २८८ रुपये. रोजगार हमीवर खड्डे काढणाऱ्या मजुराचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ होता. प्रोत्साहन भत्ता पूर्ण मिळाला तर मदतनीस ३२७ वर जाते, म्हणजे रोहयोच्या पुढे पंधरा रुपये. ज्या राज्याने देशाला रोजगार हमी दाखवली त्या राज्यात ही तुलना करावी लागते, हे मला बोचतं.

सेविकेचे १३,००० भागिले २६ म्हणजे ५००. केंद्राच्या किमान वेतनात ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या शहरांतल्या अकुशल कामाला, म्हणजे झाडलोट, हमाली यांना, दिवसाला ७८३ धरले होते आणि अतिकुशल कामाला १,०३५. कोल्हापूर मोठ्या शहरांच्या गटात नाही, त्यामुळे ७८३ जसेच्या तसे मागता येणार नाहीत. पण वजनाच्या आलेखावर मूल घसरतंय हे ओळखणारी, तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शिकवणारी, मोबाइलवर माहिती भरणारी बाई अकुशल आहे का, हा प्रश्न तरी विचारता येतो.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या जगजित सिंग खटल्यात म्हटलं. मानधनी बायकांना ते आपोआप लागू होत नाही, मांडावं लागतं. मांडायला लागतो पुरावा. वही.

पैसे वेळेवर येत नाहीत. कुठं जायचं?

आपल्या जिल्ह्यात ही तक्रार समजावून सांगायला सोपी आहे. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, कारखान्याने चौदा दिवसांत द्यायची असते, नाही दिली तर १५ टक्के व्याज, असा १९६६ चा आदेश सांगतो. तो पाळला जात नाही म्हणून रस्त्यावर ऊस अडतो, आणि सगळं गाव शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहतं. त्याच गावातल्या आशाचे तीन महिन्यांचे पैसे थकले तर चावडीवर विषयसुद्धा निघत नाही.

करायचं असं. आधी अडलंय कुठं ते शोधा. आशाचं असेल तर क्लेम फॉर्मवर सिस्टरची सही झाली का, प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला गेला का, की निधीच आला नाही. सेविका-मदतनीस असाल तर पर्यवेक्षिकेकडून हजेरी प्रकल्प कार्यालयात कधी गेली ते विचारा. क्लेम फॉर्म देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ही सवय लावून घ्या. कमी पैसे पडले तर कशाचे कापले ते लेखी मागा. 'वरून आलंच नाही' असं दोनदा ऐकलं की माहिती अधिकारात अर्ज टाका: या तीन महिन्यांचा निधी कार्यालयाला कोणत्या तारखेला मिळाला आणि कोणत्या तारखेला वाटला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. एकटीच्या नावाने टाकायला भीती वाटत असेल तर घरातल्या कुणाच्याही नावाने टाका. माहिती मागायला कर्मचारी असावं लागत नाही.

मोबाइल, रिचार्ज, चेहरा जुळवणं, हे आमच्याच माथी का?

पोषण ट्रॅकर मार्च २०२१ पासून आला. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, कारण ते गरम व्हायचे, अडकायचे, आणि ॲप इंग्रजीत. आता घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा जुळवावा लागतो. चंदगड-आजऱ्याच्या काही वाड्यांवर रेंज नाही, तिथे बाळंतिणीला टेकावर उभं करून फोटो काढलेले मी ऐकले आहेत. चेहरा जुळला नाही तर आहार नोंदला जात नाही, आणि नोंद कमी पडली की भत्त्याच्या अटीत कसर. रेंज नसल्याचा दिवस, वेळ, जागा वहीत लिहा आणि महिन्याच्या अहवालासोबत एक ओळ लेखी द्या. एवढ्याने रेंज येणार नाही, पण भत्ता कापताना त्यांना कारण द्यावं लागेल.

लाडकी बहीण, बीएलओ, हा सर्वे, तो सर्वे. नाही म्हणता येतं का?

फार अवघड आहे, खोटं कशाला सांगू. लाडकी बहीणचे अर्ज २०२४ मध्ये सेविकांनी रात्री बारा-बारापर्यंत भरले, तेव्हा एका अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले होते. किती अर्ज भरले याचा पुरावा ज्यांच्याकडे होता त्यांना निदान भांडता आलं. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीच्या कामाचं, वार्षिक मानधन २०२५ मध्ये ६,००० चं १२,००० झालं. आदेश तोंडी आला तर लेखी मागा. व्हॉट्सॲपवर आला तर स्क्रीनशॉट ठेवा.

संप केला तर कामावरून काढतील का? पैसे कापतील का?

नोटिसा येतात. २०२३-२४ च्या संपातही सेवासमाप्तीच्या नोटिसांनी बऱ्याच बायका रडकुंडीला आल्या. संपाच्या दिवसांचे पैसे हा दर तडजोडीत वेगळा विषय असतो, ते मिळतीलच असं धरून चालू नका. दोन महिने चूल कशी चालणार ते आधी बघा.

पण मघाचे आकडे परत वाचा. कोणती वाढ संपाशिवाय किंवा निवडणुकीशिवाय आली? दसरा चौकातून निघून जिल्हा परिषदेवर, कलेक्टर कचेरीवर गेलेल्या मोर्चांतल्या कितीतरी बायकांनी त्याआधी आयुष्यात घोषणा दिली नव्हती. संघटना कोणती, लाल बावट्याची की दुसरी, यावर मी बोलणार नाही. पावती फाडा, सभेला जा, आणि नोटीस आली तर एकटीने उत्तर लिहू नका.

निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी मिळते का?

सेविका आणि मदतनीस यांना हक्क आहे. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया यांच्या खटल्यात, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या पीठाने, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका-मदतनिसांना लागू होतो असा निकाल दिला. खटला गुजरातचा, पण सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभर बंधनकारक असतो. न्यायालयाने अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेतला: २०१३ च्या त्या कायद्याने गरोदर माता आणि बालकांना आहार देणं हे सरकारचं कर्तव्य झालं आणि ते कर्तव्य अंगणवाडीतून पार पडतं, मग तिथे राबणारी बाई 'अर्धवेळ' कशी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. ग्रॅच्युइटीची तरतूद तिथेही आहे.

हा निकाल आशाताईंबद्दल नाही. त्यांना तो आधार म्हणून मांडता येईल, हक्क म्हणून अजून नाही.

हिशेब सोपा आहे. शेवटचा महिना भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. १३,००० वर २० वर्षांच्या सेवेला १,५०,००० होतात.

आता आईची गोष्ट. जून २०२३ मध्ये ती ५,५०० वर निवृत्त झाली, २८ वर्षांनंतर. हिशेब ८८,८४६ रुपये. आम्ही अर्ज घेऊन गेलो तर टेबलावरच्या गृहस्थांनी वाचलासुद्धा नाही. "मानधनवाल्यांना ग्रॅच्युइटी नसते ताई, तुमची एकरकमी मिळाली की." राज्याची एकरकमी योजना आहे, सेविकेला एक लाख, मदतनिसाला पंच्याहत्तर हजार. ती निराळी. एका हातात ती ठेवली म्हणून दुसरा हात बंद होत नाही, असं माझं म्हणणं. निकालाची प्रत दाखवली तर म्हणाले, ती गुजरातची आहे. अर्ज घ्यायलाच तयार नाहीत. आई माझा पदर ओढत होती, "चल गं, कशाला वाद."

आम्ही अर्ज पोस्टाने पाठवला, पोच घेऊन. तुम्हीही तसंच करा. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्ट करताना पोच हवी असं खिडकीवर सांगा. नेमणुकीचं पत्र, निवृत्तीचं पत्र, शेवटच्या वर्षाचं पासबुक जोडा. नेमणुकीचं पत्र हरवलेलं असतं, हे मला माहीत आहे. पुरात सगळ्यांचीच कागदं गेली. मग प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जुना मासिक अहवाल, ग्रामसभेचा ठराव, काहीही ज्यावर तारीख आणि नाव आहे. उत्तर आलं नाही की ग्रॅच्युइटीच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. इथे वकील घ्या. आईचं प्रकरण तिथेच आहे. तारखा पडतायत.

हायकोर्टात जायचं तर मुंबई गाठायची का?

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पन्नास बायकांनी मिळून याचिका करायची तर पूर्वी रात्रीची गाडी, दादरला उतरणं, मुक्काम, एवढा खर्च वकिलाच्या फीआधीच व्हायचा. आता चंदगडची बाई सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी जाते.

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं काय?

सगळ्यात वाईट. केंद्र २००९ पासून महिना १,००० धरतं, तेही वर्षातले दहाच महिने, आणि त्यात एक रुपयाची वाढ नाही. राज्याने भर घालून २,५०० केले. भागिले २६ केलं की ९६ रुपये. एवढ्यात चूल, धूर, भांडी, आणि तांदळात अळी निघाली तर पहिला जाब मावशीला.

विमा, पेन्शन?

आयुष्मान भारतचं पाच लाखांचं उपचाराचं कवच फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सगळ्या आशा, सेविका आणि मदतनिसांना लागू केलं. कार्ड काढून घ्या, आजारी पडल्यावर नको. श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३,००० मिळतात, पण त्यात १८ ते ४० वयातच शिरता येतं. आपल्या निम्म्याहून जास्त बायका ही योजना २०१९ मध्ये आली तेव्हाच चाळिशी ओलांडलेल्या होत्या. धाकट्या आशांनी जरूर बघावी. २९ व्या वर्षी महिन्याला १०० रुपये भरावे लागतात.

गावातल्या माणसांनी काय करावं?

ग्रामसभेत ठराव करता येतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाला, गॅसला, अंगणवाडीच्या वीजबिलाला हातभार लावता येतो. डिसेंबर २०२४ पासून राज्याचं आरोग्य खातं राधानगरीच्या आमदारांकडे, प्रकाश आबिटकरांकडे आहे. आशांचे प्रश्न घेऊन जायला कोल्हापूरकरांना एवढं जवळचं दार याआधी क्वचितच मिळालं असेल. पण निवेदन फक्त आशांनीच नेलं तर त्याचं वजन वेगळं. बाळंतिणींनी, तालमीच्या पोरांनी, दूध संस्थेच्या चेअरमनने नेलं तर वेगळं.

आणि रात्री दोन वाजता सून कळा द्यायला लागली की आशाताईला हाक मारायची, आणि सकाळी "चौदा हजार मिळतात की तिला" म्हणायचं, हे तेवढं थांबवा.

वहीचा नमुना आहे का? काय लिहायचं कळत नाही.

छापील नमुना नाही, मुद्दामच. नमुना दिला की ते बारावं रजिस्टर होतं. आई चौथी शिकलेली. तिने शेवटची दोन वर्षं माझ्या आग्रहाखातर वही ठेवली. त्यातलं एक पान तिच्या परवानगीने देते:

"सोमवार. ७ ला निगाले. पानी नव्हतं, पाटलांच्या नळावरनं ४ घागरी. पोरं १९. गंगूची पोरगी आली न्हाई, घरी जाऊन आनली, ताप हाय, आशाबाईला सांगितलं. भांडी १ पतूर. २ ला बाई संगं मळ्यात खोपीवर, ६ पोरं वजन. काटा मी डोक्यावर नेला. यायला ५॥ झालं. गाडीभाडं न्हाई, चालत."